चपलेवर उमटलेले दात

जिन्यात त्याची-माझी पहिली भेट झाली, तेव्हा कात्रीच्या तोंडात बाबांचा चष्मा होता आणि मी एका पायात चप्पल घालून "सोड! सोड म्हणते ना!" असं बोंबलत तिच्यामागे धावत होते.

कात्री म्हणजे आमची कुत्री. वय दहा महिने. कर्तबगारी म्हणाल तर दोन उशा, टीव्हीचा रिमोट, आईची पर्स आणि सोफ्याचा एक कोपरा.

तो खालून वर येत होता. त्याने तिला धरलं नाही की हटकलं नाही. सरळ पायरीवर बसला आणि पिशवीतून चिकनचा तुकडा काढून पुढे केला. तिने चष्मा टाकला, तुकडा घेतला... आणि मी आ वासून बघतच राहिले.

"ओरडलात की तिला वाटतं, खेळ सुरू झाला," तो म्हणाला. "मी कुत्र्यांना शिकवतो."

"आणि त्यांच्या मालकिणींना?"

"त्या जरा जास्त वेळ घेतात."

बाबांनी त्याच संध्याकाळी निकाल दिला. महिनाभर शिकवून बघायचं. त्यानंतर एक जरी वस्तू कुरतडली, तर कात्रीची रवानगी मामाच्या गोदामावर. तिथली कुत्री दिवसभर साखळीला असतात.

मग दर बुधवारी आणि शनिवारी तो येऊ लागला. सोफ्याला कडू औषध लावलं, चावायला रबरी हाडूक आणलं. कात्रीने हाडूक उचललं की तो "शाब्बास" म्हणायचा, आणि म्हणता म्हणता नजर माझ्याकडे वळायची... माझ्या हातातला खाऊ खाली पडायचा.

"लक्ष कुठंय तुमचं?"

"कुत्रीकडेच!"

"कुत्री तुमच्या मागे आहे."

महिना संपला. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "आता इथे माझं काम उरलं नाही." तो हसत होता. मी मात्र धसकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. मी बाबांची जुनी चप्पल साबणाने घासून धुतली... आणि चावली. होय, मीच! पट्ट्यावर चांगले पाच-सहा ठिकाणी दात रोवले. मग त्याला फोन केला, "कात्री पुन्हा बिघडली, लगेच या." त्याला दाखवून झालं की चप्पल लपवायची, असा बेत होता.

पण बाबाच आधी घरी आले. चप्पल पाहिली आणि थेट मामाला फोन लावला. "गाडी घेऊन ये."

कात्री बिचारी शेपटी हलवत बाबांच्या पायाशी बसली होती.

आईपाठोपाठ तोही आला. चप्पल घेऊन खिडकीशी गेला, बराच वेळ उलटसुलट पाहिली. मग वळला तेव्हा त्याचा चेहरा पार बदलला होता.

"हे कात्रीचं काम नाही. कुत्र्याचे सुळे रुततात, भोकं पडतात. ही तर सपाट दातांची ओळ आहे... हे—हे माणसाचे दात आहेत."

आई मटकन खाली बसली. बाबांचा हात नकळत स्वतःच्या तोंडाकडे गेला. मी कवळ्या बनवते हो! दिवसभर दातांचे साचे हाताळते, आणि एवढी साधी गोष्ट मला सुचू नये?

खाली मामाच्या गाडीचा हॉर्न वाजला. "माणूस कशाला चप्पल चावेल?" म्हणत बाबा कात्रीला दाराकडे न्यायला लागले. गप्प बसले असते, तर माझी अब्रू वाचली असती आणि कात्री गेली असती.

"मी चावली," मी म्हणाले. "धुवून चावली."

"अगं, पण का?" बाबा ओरडले.

"कारण आता हे येणार नाहीत ना!"

तो चप्पल दोन्ही हातांत धरून उभा होता, कान लालबुंद.

"काका..." तो बाबांना म्हणाला, "कात्री दुसऱ्याच आठवड्यात शिकली होती. मी... सांगितलं नाही."

धक्क्यावर धक्के! आता गडबडण्याची पाळी माझी होती. बाबांनी आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहिलं. मग खिडकीतून खाली वाकले आणि मामाला हाक मारली,

"कुत्री राहू दे रे. तू वर ये. मुलगा बघायचाय."