ब्याण्णव आवर्तनं आणि एक झांज

दोरी तुटली ती नेमकी थिएटरच्या पायऱ्यांवर.

छापखान्यातून नुकताच आलेला गठ्ठा शाहिनाजने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. नव्या हंगामाच्या पुस्तिका होत्या त्या. नोव्हेंबर ते मे, दहा मैफली. शाईचा वास अजून ताजा होता, आणि तो वास घेत ती इतकी खुशीत पायऱ्या चढत होती की गाठ सैल झाल्याचं तिला कळलंच नाही. अलेक्झांड्रियाच्या समुद्रावरून वारा आला आणि पुस्तिका पायऱ्यांवरून थेट ट्रामच्या रुळांपर्यंत उडत गेल्या.

खालून वर येणाऱ्या एका उंच तरुणाने हातातली गोल काळी पेटी खाली ठेवली. ठेवली कसली, आपटलीच. आतून असा झणकार उठला की कोपऱ्यावरचा रताळीवाला दचकून वळला.

"अख्खा हंगाम सांडलात, आनिसा," पुस्तिका गोळा करत तो म्हणाला.

"दोरी तुटली. हंगाम जागेवर आहे. आणि मी बिनलग्नाची आनिसा की लग्नाची मदाम, ते तुम्हाला काय ठाऊक?"

"गठ्ठा दोन्ही हातांनी धरला होतात. बोटात अंगठी नव्हती... दिसलं." त्याने एक पुस्तिका उघडली आणि वादकांच्या यादीवरून बोट फिरवलं. "पण हंगाम जागेवर नाही. यात मी कुठेच नाही."

"तुम्ही कोण?"

"हातेम. झांज वाजवतो. आजपासून."

"आजपासून येणारा माणूस मागच्या महिन्यात केलेल्या यादीत कसा असेल?" तिने पेटीकडे पाहिलं. "मला वाटलं, भांडी घेऊन चाललात."

"माझ्या वडिलांनाही तसंच वाटतं," तो म्हणाला आणि हसला. डावा गाल थोडा आधी, उजवा थोडा मागून. शाहिनाजने नजर खाली वळवली आणि उगाचच पुस्तिका दोनदा मोजल्या.

शाहिनाज वाद्यवृंदाच्या स्वरलिप्या सांभाळायची. सात वर्षं. मंचाच्या मागे, जिन्याखालच्या खोलीत तिचं राज्य होतं. कपाटं, खोकी, शिसपेन्सिली, आणि गळ्यात लाल फितीला अडकवलेलं खोडरबर. परदेशी प्रकाशकांकडून स्वरलिप्या भाड्याने यायच्या आणि प्रत्येक खोक्यात वर एक चिठ्ठी असायची — खुणा फक्त मऊ पेन्सिलीने कराव्यात, परत पाठवण्याआधी सगळं खोडावं. वाद्यवृंदातला सर्वांत ज्येष्ठ व्हायोलिनवालासुद्धा शाहिनाजसमोर खिशातलं शाईचं पेन लपवायचा. एकदा कुणीतरी ओबोच्या प्रतीवर शाईने टिंब काढलं होतं, तेव्हा ती दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती.

तालीम संपली की ती सगळ्या प्रती गोळा करायची. पहिल्याच दिवशी झांजेच्या प्रतीत तिला एक ओळ सापडली.

उद्घाटनाच्या मैफलीत एक लांबलचक रशियन सिंफनी होती. तिच्या शेवटच्या भागात झांजेला ब्याण्णव आवर्तनं गप्प बसायचं होतं, मग एकच ठोका, आणि मग शेवटपर्यंत पुन्हा गप्प. त्या ब्याण्णव आकड्याखाली, अगदी फिकट पेन्सिलीने लिहिलं होतं —

'आनिसा शाहिनाज, एवढा वेळ माणसाने करायचं काय?'

तिने ओळ खोडली. रबराचा भुगा फुंकला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी —

'खोडलंत. म्हणजे वाचलंत.'

तिसऱ्या दिवशी —

'चहा पिता की नुसतीच पेन्सिलीला टोकं काढता?'

ती रोज खोडत होती. आणि रोज सर्वांत शेवटी तीच प्रत उघडत होती, ताटातला गोड घास शेवटी ठेवावा तशी. हे मात्र तिने स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

मंचाची देखभाल करणारे अम्म फतही, सगळ्यांचे फतहीकाका, मात्र सगळं बघत होते. चाळीस वर्षं पडदे ओढून त्यांना आत-बाहेरचं सारखंच दिसायचं.

"पोरी, तू पूर्वी तालमीला बाहेर यायची नाहीस," ते म्हणाले. "आता शेवटचा भाग लागला की विंगेत येऊन उभी राहतेस."

"पेन्सिली लागतात त्यांना, अम्म फतही."

"हो ना. झांजवाल्याला फार लागत असतील." त्यांनी भिंतीवरच्या जाहिरातीकडे हनुवटी केली. "सोळा नोव्हेंबर. ही तारीख ठरवणारा अलेक्झांड्रियाचा नसणार. त्या दिवसांत झाडणी येते. सगळं शहर दारं लावून मसुराचं सार पीत बसतं. कोण येणार तुमचं संगीत ऐकायला?"

झाडणी म्हणजे नोव्हेंबरातलं वादळ. समुद्रावरून येतं आणि आभाळ, रस्ते, माणसं सगळं झाडून काढतं. इथल्या प्रत्येक वादळाला नाव आहे आणि तारीखही. कोळ्यांच्या हिशेबात दोन दिवसांचीही चूक नसते.

"तिकिटं संपत आलीत," शाहिनाज म्हणाली. "येतील लोक."

"झाडणीला तिकीट विचारलंस का?"

पण वादळाआधीच पंचाईत झाली. शेवटच्या तालमीत हातेमचा ठोका दोन आवर्तनं आधी पडला. सगळा वृंद हळूहळू चढत होता, आणि मधेच झांज अशी कडाडली की बासरीवाली पोरगी किंचाळली. लोक हसले. वृंदाचे संचालक माएस्त्रो मुनीर हसले नाहीत. त्यांनी काठी खाली ठेवली.

"हातेम, ही तिसरी वेळ. तुझ्याकडे सबंध संध्याकाळचा एक ठोका आहे. व्हायोलिन चुकलं तर बाकीचे झाकतात. तुला कोण झाकणार? उद्घाटनाला तो ठोका जागेवर पडला तर हा हंगाम तुझा. नाही पडला, तर दुसऱ्या दिवशी मी दुसरा माणूस बघतो."

तालमीनंतर तो जिन्याखालच्या खोलीत आला. प्रत स्वतः घेऊन. पहिल्यांदाच.

"आज काही लिहिलं नाही," तो म्हणाला.

"दिसतंय." तिने प्रत घेतली, पण खोक्यात ठेवली नाही. "हरलात तर काय कराल?"

"मामेभावाचं हुर्घादाला हॉटेल आहे. तिथे पाहुणे जेवत असताना ड्रम वाजवायचा. चुकलं तरी कुणाला कळत नाही. वडील म्हणतात, ये निघून, लोखंडाच्या ताटल्या आपटायला एवढं शिक्षण कशाला." तो थांबला. "पितळेच्या आहेत, हेही त्यांना सांगून झालं."

"मोजता कसे?"

"बोटांवर. दहाची एक मूठ."

"आणि चुकता कुठे?"

त्याचे कान लाल झाले.

"उस्ताद हातेम, मी विचारतेय."

"सत्तावन्नला."

"रोज?"

"रोज. सत्तावन्नला तुम्ही विंगेत येता... आणि मग मला अठ्ठावन्न सापडत नाही."

बाहेर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. शाहिनाजने खोडरबर मुठीत धरलं. ओरडावं की हसावं, तिला कळेना. सात वर्षं ती इतरांच्या चुका पुसत आली होती, आणि ही सबंध वृंदातली मोठी चूक तिच्या पायांनी चालत विंगेत येत होती.

"मग मी येणार नाही," ती म्हणाली.

"नका म्हणू तसं. मग मोजायचं कशासाठी?"

"हंगामासाठी मोजा. दहा मैफली आहेत. मेमध्ये दोन झांजांचं काम आहे, मी बघितलंय."

तो दारापर्यंत गेला आणि वळला. "एक राहिलंय लिहायचं. लिहू?" तिने उत्तर देण्याआधीच त्याने टेबलावरची पेन्सिल उचलली, प्रत उघडली, ठोक्याच्या पुढचं पान उलटून काहीतरी खरडलं आणि निघून गेला.

'हंगाम मिळाला तर शुक्रवारी समुद्रावर माझ्याबरोबर गरम दुधाचं सहलब प्याल का?'

शाहिनाजने खोडरबर उचललं. ठेवलं. मग पेन्सिलीला टोक काढलं आणि ब्याण्णव आवर्तनांचं ते रिकामं पान पुढ्यात घेतलं.

मोजण्यात हरवणाऱ्याला मोजायला लावून उपयोग नसतो, त्याला ऐकायला लावावं लागतं. तिला सबंध सिंफनी पाठ होती. सात वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. तिने बारीक अक्षरात लिहायला घेतलं. 'बारा — ओबो एकटा बोलतो, रागावलेल्या आत्यासारखा.' 'एकतीस — चेलो जिना उतरतात, गुडघे दुखत असल्यासारखे.' 'सत्तावन्न — मी येणार नाही. त्याऐवजी हॉर्न येतील, दोन. त्यांच्याकडे बघा, दिसायला बरे आहेत.' 'सत्तर — सगळे कुजबुजतात.' 'शहाऐंशी — खर्जातले बास हलायला लागले की उठा. झांज वर. आता कुणाकडेच बघू नका.'

पान उलटलं. त्याचा प्रश्न तिथे होता. त्याच्याखाली तिने एक ओळ लिहिली, प्रत मिटली आणि बराच वेळ हात तिच्यावर ठेवून बसून राहिली. छातीत झांज वाजत होती. निदान तिला तरी तसंच वाटलं.

सोळा तारखेला झाडणी आली, अगदी पंचांग बघून आल्यासारखी. दुपारपासून लाटा रस्त्यावर चढत होत्या. ट्रामचा पत्ता नव्हता. सात वाजता प्रेक्षागृहात जेमतेम चाळीस डोकी होती, आणि अम्म फतही सुस्कारे टाकत होते.

साडेसातला लोक यायला लागले. छत्र्या उलट्या झालेल्या, पायांत प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या, एक आजीबाई तर मोलकरणीच्या आणि नातवाच्या हातांवर रेलून. ओल्या लोकरीचा वास सगळीकडे भरला. आठला एकही खुर्ची रिकामी नव्हती.

"हे शहर वेडं आहे," अम्म फतही म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. पावसाचं पाणी असावं.

शेवटचा भाग लागला तेव्हा शाहिनाज आपल्या खोलीत, दार लावून, शब्द दिल्याप्रमाणे बसली होती. भिंतीतून आवाज येत होता. बारा... आत्या रागावली. एकतीस... चेलो उतरले. सत्तावन्नला हॉर्न आले आणि तिचा धीर सुटला. ती उठली. विंगेत, पडद्याच्या अगदी मागे, मंचावरून दिसणार नाही अशी उभी राहिली.

सत्तर. सगळे कुजबुजायला लागले, आणि दिवे गेले.

प्रेक्षागृहातून एक मोठा श्वास ऐकू आला. पण वृंद थांबला नाही. व्हायोलिनं अंधारात चाचपडत का होईना, पुढे जात राहिली. बोटांना वाट माहीत होती. माएस्त्रोची काठी कुणाला दिसत नव्हती. आणि मागे, पितळेच्या दोन थाळ्या मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला ना पान दिसत होतं, ना बोटं.

शाहिनाजने पडदा मुठीत आवळला. ओरडून आकडा सांगावा असं तिला वाटलं. शहात्तर, माझं ऐका, शहात्तर... ऐंशी. अंधारात कुठेतरी एक खुर्ची करकरली. चौऱ्याऐंशी.

बास हलले.

दिवे आले ते पिवळे, अर्धेमुर्धे, थरथरत. आणि त्या उजेडात तिला हातेम दिसला. तो आधीच उभा होता. झांज आधीच वर होती. तो कुणाकडेच बघत नव्हता, डोळे मिटून ऐकत होता.

नव्वद. एक्याण्णव. ब्याण्णव.

तो ठोका कसा होता, हे सांगायला शब्द तोकडे पडतात. बाहेरच्या वादळाने आत येऊन एकदाच टाळी वाजवावी, तसा काहीतरी होता. शाहिनाजच्या गळ्यातलं खोडरबरसुद्धा हललं.

हातेमने दोन्ही थाळ्या छातीशी धरून नाद शांत केला. मग त्या खाली ठेवल्या, खाली बसला आणि त्याने पान उलटलं.

तिने त्याला वाचताना पाहिलं. त्याने एकदा वाचलं. बोट ओळीवरून फिरवून पाहिलं. मग बोट उजेडात धरून बघितलं आणि मान वर केली. सगळा वृंद शेवटाकडे धावत होता, आणि तो पडद्याकडे, नेमका ती उभी होती तिथेच, बघत होता. आता मोजायचं काही उरलं नव्हतं.

टाळ्या थांबायला बराच वेळ लागला. माएस्त्रोंनी घाम पुसत झांजेकडे काठी रोखली आणि मान डोलावली. बस, तेवढंच. मग हातेम प्रत घेऊन जिन्याखालच्या खोलीच्या दारात आला. शर्ट भिजलेला, केस कपाळावर.

"परत करायला आलो," तो म्हणाला. "नियमाप्रमाणे."

"ठेवा."

"आधी खोडावं लागेल ना? तुमचं रबर द्या जरा."

तिने फीत गळ्यातून काढून दिली. त्याने पान उघडलं आणि रबर चालवलं. त्याचा प्रश्न भुगा होऊन गेला. खालची ओळ तशीच राहिली. त्याने जोर लावला. ओळ हलली नाही. निळी, ठसठशीत, सात वर्षांच्या सगळ्या नियमांसमोर मान ताठ करून उभी —

'हो. हंगाम संपल्यावरसुद्धा.'

"जात नाहीये," तो हळूच म्हणाला.

"शाई आहे."

"शाई? तुमच्या हातून?" त्याचा डावा गाल हसायला लागला होता. "चुकून झालं का?"

"उस्ताद हातेम," शाहिनाज म्हणाली. "सात वर्षांत माझ्या हातून एकही चूक झालेली नाही."

बाहेर झाडणी समुद्राला पायऱ्यांपर्यंत आणत होती. तो ओल्या शर्टानिशी दारातच उभा राहिला, मग त्याने रबराची लाल फीत नीट उलगडली आणि दोन्ही हातांनी, जपून, तिच्या गळ्यात पुन्हा घातली.

"प्रकाशकांना काय कळवणार?"

"एक पान खराब झालं, नवं पाठवा, म्हणून," ती म्हणाली. "हे पान आपल्याकडेच राहील."