वर बघायचं नाही

कोट द्या इकडं. बाह्या सैल करायच्या, एवढंच ना? बसा, आत्ता करून देतो. या धुक्यात जाणार तरी कुठं? असे इथं बाकावर बसा, दाराकडं तोंड करून. नाही, दार नका लावू, उघडंच असू द्या. मी उंबऱ्याशीच बसतो, सवय आहे माझी. कंदील तेवढा इकडं सरकवा.

त्या फोटोकडं काय बघताय? बाई वाटली ना? फसलात! सगळे फसतात. तो सोपान. आमच्या नाटक कंपनीत बायकांचे पार्ट करायचा. ते लुगडं मी नेसवलेलं, तो अंबाडा मी बांधलेला. मी दस्तगीर, कंपनीचा शिंपी, आणि नटांना सजवायचं कामही माझ्याच गळ्यात.

मागचं महायुद्ध संपलं त्या सुमाराची गोष्ट. पावसाळ्यात कंपनीचा मुक्काम इथं लोणावळ्यात पडला होता. पत्र्याचं थेटर. पाऊस लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि धुकं भिंतीच्या फटींतून थेट रंगपटात. नव्या नाटकाच्या तालमी चालल्या होत्या. लिहिलेलं मालकांनी, दत्तोबांनी. त्यात नायिकेला वेड लागतं. आता आमच्या नाटकांत वेड कसं लागायचं? केस सोडायचे, लुगडं फाडायचं, खदाखदा हसायचं आणि मग एक लांबलचक पद म्हणायचं. प्रत्येक वेडीपायी माझं एक चांगलं लुगडं बाद! मी म्हणायचो, मालक, एखादी वेडी नीटनेटकी असू द्या की. ते म्हणायचे, "दस्तगीर, तू आपली सुई चालव."

रंगीत तालमीला गावातली चार प्रतिष्ठित माणसं बोलावली होती. सोपान वेड्यासारखा हसला, तर ती माणसंही हसली. चांगली पोट धरून हसली हो! सोपानचं तोंड एवढंसं झालं. तिशी उलटलेली, गळा बसत चाललेला, आणि बजरंग नावाचा नवा गवई कंपनीत टपूनच बसलेला. दत्तोबांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "रविवारच्या खेळात प्रवेश रंगला नाही, तर पार्ट बजरंगला." सोपानला दुसरं काय येत होतं? मिसरूड फुटायच्या आधीपासून लुगडं नेसून उभा राहिलेला माणूस. घर नाही, शेत नाही. पार्ट गेला की सोपान संपला, हे त्यालाही कळत होतं आणि आम्हालाही.

माझी खाला, म्हणजे सख्खी मावशी, जैतुनबी, कामशेतजवळच्या कान्हे गावात राहायची. गाव तिला वेडी म्हणायचा. हे सोपानच्या कानावर होतं. तो माझ्या मागंच लागला, "दस्तगीरभाई, मला एकदा दाखवा." मी भडकलो. म्हटलं, ती काय जत्रेतला खेळ आहे? पण तो पाया पडायला लागला, तेव्हा माझाही नाइलाज झाला.

कामशेतला गाडीतून उतरलो आणि चिखल तुडवत कान्ह्याला गेलो. खाला तांदूळ निवडत बसली होती. केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले, घर लख्ख सारवलेलं. माझी विचारपूस केली, सोपानला पाट दिला. सोपान माझ्या कानात पुटपुटला, "ह्या वेड्या?" मी म्हटलं, "जरा दम धर."

खाला चहा आणायला उठली. माजघराच्या दाराशी आली आणि थबकली. पदर अंगाभोवती आवळून घेतला, भिंतीला पाठ लावली, मान खाली घातली. आतून कुणी मोठं माणूस बाहेर येतंय आणि आपण वाट द्यायची, तशी. श्वास कोंडलेला. बराच वेळ गेला. मग हळूच सुटली आणि आत गेली. चहा घेऊन येतानाही तेच. कितीतरी वर्षं दर उंबऱ्याला तिचं असंच चाललं होतं.

सोपाननं खालच्या आवाजात विचारलं, "मावशी, कोण जातं?"

"काय ठावं बाबा. गार वारं लागतं. चुन्याचा आन खोबरेलाचा वास येतो. मग वाट द्यायची."

"वर बघितलं तर?"

तिनं चहा माझ्यापुढं ठेवला. "न्हाई... वर बगायचं न्हाई. त्यो हितं थांबतो. लय येळ थांबतो. आपुन मान खालीच ठिवायची... मग जातो."

ना हसणं, ना रडणं, ना पद. नुसती एक बाई दारात बाजूला सरते. खरं सांगतो, मला तिथून पळून जावंसं वाटलं. सोपानचे डोळे मात्र लकाकत होते.

दुसऱ्या दिवशी तालमीत त्यानं तेच केलं. केस नाही सोडले, हसला नाही. दारात थबकला, भिंतीला लागला, मान खाली. सगळी कंपनी गार. दत्तोबांची विडी हातातच विझली. पण मालक ते मालक! म्हणाले, "झकास! फक्त मान वर कर. मागच्या बाकावरच्यानं काय तुझा अंबाडा बघायचा? दारातून येणाऱ्या त्या माणसाकडं बघ. भीती दिसू दे तोंडावर."

"मालक, दस्तगीरभाईंची मावशी कधीच वर बघत नाही."

"मग पार्ट मावशीला देऊ का?"

बजरंग फिसकन हसला.

रविवारी दुपारपासूनच धुकं उतरलं. दिवेलागणीचा खेळ. मी सोपानला सजवत होतो. तोंडाला खोबरेलात कालवलेला सफेदा फासला, पायांना आळता लावला. रंगपटात येताना फळीची ठेच लागून त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख निघालं होतं. मी निळ्या खणाची चिंधी फाडली आणि अंगठ्याला बांधली, आमची शिंप्याची गाठ मारून. ती गाठ ओढून सुटत नाही, कापावी लागते.

"दस्तगीरभाई, वर नाही बघितलं तर पार्ट जातो. बघितलं तर..."

"तर काय? समोर नुसती हवा आहे, बाबा."

मी आपला त्याला धीर द्यायला बोललो.

प्रवेश आला. मी विंगेत, देखाव्यातल्या दारामागंच उभा. सोपान रंगमंचावरच्या दाराशी थबकला. भिंतीला लागला. मान खाली. थेटर असं चिडीचूप झालं, की गॅसबत्त्यांची फरफर ऐकू येत होती. मग माझ्या पायांवरून गार वारं गेलं. वास आला. सफेद्याचा आणि खोबरेलाचा... पण नाटकाच्या थेटरात त्या वासाचं काय नवल?

सोपाननं मान वर केली.

लोकांना त्याचं तोंड पुरतं दिसलं असेल नसेल, मला दिसलं. भीती नव्हती हो त्यावर. ओळख होती. रोज आरशासमोर बसायचा, तसाच बघत होता. ओठ हलले. नाटकातलं वाक्य नव्हतं ते. "किती वेळ उभा आहेस रे...?" असं काहीतरी म्हणाला. आणि त्या दारातून आत गेला.

टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. दाराच्या मागं मी उभा होतो. सोपान माझ्या बाजूला आलाच नाही.

कंदील घेऊन आम्ही सगळं पालथं घातलं. खंडाळ्याच्या दरीपर्यंत माणसं जाऊन आली. दत्तोबा लहान पोरासारखे रडत होते. मला वाटलं, कान्ह्याला तर गेला नसेल? सकाळच्या गाडीनं निघालो.

खाला पाण्याची कळशी घेऊन बाहेरून आली आणि उंबरा ओलांडून सरळ आत गेली. थांबली नाही. मी बघतच राहिलो.

"दस्तगीर, गेला बग त्यो! काल दिवं लावल्यापास्नं आलाच न्हाई."

मी विचारलं, "खाला, तू त्याला कधीच बघितलं नाहीस?"

"तोंड न्हाई. मान खाली आसली तरी पाय दिसत्यातच की. बाप्याचं पाय, चांगलं रुंद. पर आळता लावल्यालं, बाईवानी. आन डाव्या अंगठ्याला निळी चिंधी. इतकी वर्सं बगत आले, कवा सुटली न्हाई. कुनी बांदली हुती कुनास ठावं, लय घट गाठ मारल्याली."

ती चिंधी मी आदल्या संध्याकाळी बांधली होती.

खाला कळशी ठेवून माझ्याजवळ आली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. "मी उगा भेले रं. त्यो वंगाळ न्हवता. कुनीतरी वर बगंल म्हून थांबत आसंल गरीब. येकदा तरी बगायला पायजे हुतं म्या."

पुढं कंपनी बुडाली, खालाही गेली, आणि मी इथं हे दुकान टाकलं. ही घ्या, एक बाही झाली तुमची. आता दुसरी...

गार लागलं का हो तुम्हाला? कंदिलाकडं नका बघू, तो विझत नाही, नुसता फरफरतो. रोज याच सुमाराला. आणि हा वासही... गेल्या आषाढापासून. वर बघायची माझी छाती होत नाही. खाला म्हणाली ते पटतं, पण मान काही उचलत नाही. पाय तेवढे दिसायचे, आता नजरही अधू झाली, सुई नुसती सवयीनं चालते.

तुम्ही दाराकडं तोंड करून बसलाय. तोंड नका बघू त्याचं. नुसतं पायांकडं बघा आणि मला सांगा... माझी गाठ सुटली तर नाही ना?