एकतिसाव्या चॅनेलवरचा माणूस

"तुम्ही पोलीस आहात का?"

एकवीस वर्षं झाली, पण त्याचं ते पहिलं वाक्य अजून जसंच्या तसं आठवतं. नाट्यगृहाच्या मागच्या दारात मी उभी. हातात माशाच्या काट्यासारखा अँटेना, गळ्यात हेडफोन, पाठीवर बॅटरीची पिशवी...

"नाही हो, विद्यार्थिनी आहे. तुमच्याकडे वायरलेस माइक आहे ना?"

"आहे. चोरीचा नाही."

मला हसूच फुटलं. मग त्याला सगळं सांगितलं. टीव्हीची कितीतरी चॅनेल्स रिकामी पडून असतात. तिथून इंटरनेट पाठवता येईल, पण आधी तिथं खरंच कुणी नाही ना, हे कानोसा घेऊन ठरवायला हवं. असा कानोसा घेणारं यंत्र मी दोन वर्षं बनवत होते. ते म्हणत होतं, एकतीस नंबर रिकामं. पण रोज दुपारी चारला मला पडद्यावर तिथं काहीतरी पुसटसं दिसायचं. त्याचा माग काढत मी इथवर आले होते. चारला नाटकाची तालीम सुरू व्हायची, हा तिथला साउंडवाला, आणि त्याचा माइक चालायचा त्याच एकतीस नंबरवर.

"म्हणजे तुमचं यंत्र बोलायला लागलं, की माझा माइक मुका?"

"त्याला तुम्ही दिसला नाहीत तर... हो."

"मग दिसायलाच हवं," तो म्हणाला, आणि एकदम कावराबावरा झाला. "म्हणजे – माइक."

त्यानंतर तो आत्याच्या गच्चीवर यायला लागला. मी आत्याकडेच राहायचे. तो वायरी जोडायचा, मी आकडे लिहायचे. आत्या चहा आणून ठेवायची आणि जाताना म्हणायची, "यंत्र दुरुस्त होतंय की मुद्दाम बिघडवताय?"

कॉलेजातल्या माझ्या सरांनी अट घातली होती – गच्चीपासून लोखंडी पुलापर्यंत माइक ओळखता आला, तरच यंत्र पास. पास झालं की मला दूरच्या शहरात नोकरी तयार होती. ते त्याला ठाऊक होतं. त्यावर तो कधी काही बोलला नाही.

चाचणीच्या सकाळी तो माइक घेऊन निघाला, रस्त्यावरच्या पाट्या वाचत. "चष्म्याचं दुकान... बंद. बेकरी... उघडी. मी मात्र कामावर." मी हेडफोनमध्ये एकटीच हसत होते. चौकाशी त्याचा आवाज खरखरीत बुडाला. पण पडद्यावर बारीकशी रेघ तशीच उभी! शब्द संपले, तरी यंत्राला तो सापडत होता.

पुलावरून त्याचा फोन आला. "दिसतोय का?"

"दिसताय! पास झालो आपण!"

"आणि... ऐकू येत होतं?"

"चौकापासून नाही."

"बरं झालं," तो पुटपुटला.

"का? काय बोलत होता?"

"काही नाही. दुकानांच्या पाट्या."

"चौकापुढे एकही दुकान नाही," मी म्हणाले.

त्यानं फोनच ठेवला. मी जिना उतरले, आत्या मागून ओरडत राहिली, आणि मी चौक ओलांडून धावत सुटले. तो पुलाच्या कठड्याशी उभा होता, माइक अजून चालूच.

"सांग आता." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला 'अरे-तुरे' केलं.

"तू जाणार," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "जा. अडवणार नाही. मी मागून येईन. साउंडवाला काय, कुठल्याही गावात लागतो..." मग थांबून, अगदी हळू – "आवडतेस तू मला. हे आधी सांगायचं होतं. क्रम चुकला."

मला धाप लागलेली. मी माइक त्याच्या हातातून घेतला, बंद केला, आणि तो हात मात्र धरूनच ठेवला.

मी गेले. आठ महिन्यांनी तो स्टेशनवर उतरला. दोन पेट्या वायरी, कपड्यांची एक पिशवी.

"घर केवढं आहे?"

"तुझ्या वायरी मावतील एवढं."

"आणि मी?"

"बघू... सरकून घेऊ," मी म्हणाले, आणि एक पेटी उचलली.