शटरला टेकलेली माणसं

दुकान दहाला उघडायचं आणि ललिता गजभिये साडेआठलाच हजर असायची. हडपसरच्या गाडीतळावर बसमधून उतरायचं, सोलापूर रस्त्याच्या कडेनं पाच मिनिटं चालायचं आणि बोळातल्या स्टाफच्या दारानं आत शिरायचं, हा तिचा रोजचा क्रम. मग दिवे, मग एसी, मग तिन्ही मजल्यांवरून एक फेरी. सहा वर्षांपूर्वी ती इथं बिलाच्या काउंटरवर लागली होती. आता पुढच्या शटरची किल्ली तिच्याकडे होती. ती मिळाली त्या दिवशी तिच्या वडिलांनी, भंडाऱ्याहून खडकीच्या कारखान्यात आलेल्या त्या अबोल माणसानं, किल्ली एक रात्र बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवली होती.

सन दोन हजार सातचा जानेवारी. थंडी कडक होती. सोळा तारखेला, मंगळवारी, ती आली तेव्हा शटरपुढं तीन माणसं उभी होती.

"दहाला उघडतं हो," ती जाता जाता म्हणाली.

कुणी मान वळवली नाही. तिघंही शटरला नाक लावून उभी होती.

रखवालदार पोपटकाका शेकोटीशी बसले होते. फुरसुंगीचे, फौजेतून निवृत्त झालेले. "सातपासनं उभी हायती," ते म्हणाले. "बोलत न्हाईत, हाकललं तर हालत न्हाईत. फुकट काय वाटनार हाये का आज?"

दहा वाजता शटर वर गेलं तेव्हा बाहेर कुणीच नव्हतं.

"कवा गेली?" पोपटकाकांनी उलट तिलाच विचारलं.

बुधवारी पाच होती. गुरुवारी नऊ. मग आकडा वाढला नाही, रोज नऊच. ललिता हिशेबी बाई होती. पुण्यात काहीतरी नवीन मिळतंय म्हटलं की माणसं पहाटेपासून नंबर लावतात हे तिला ठाऊक होतं, आणि सव्वीस जानेवारीच्या सेलची पत्रकं घराघरांत गेली होती. कुणीतरी तारीख चुकत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण रोज तीच नऊ माणसं तारीख कशी चुकतील?

शिवाय त्यांचं उभं राहणं बरोबर नव्हतं. तीन माणसांच्या जागेत नऊ माणसं उभी होती. एकाची हनुवटी दुसऱ्याच्या खांद्यात रुतलेली. एका म्हाताऱ्याच्या चष्म्याची काच त्याच्याच गालात गेली होती आणि तो ती काढत नव्हता. त्यांच्यामागं पार्किंगची तीस फूट मोकळी फरशी. तरी सगळ्यांत मागचा माणूस मधेच जोरात पुढं फेकला जायचा, आणि त्याच्यासकट सगळी शटरवर आदळायची. पुन्हा. आणि पुन्हा. त्या थंडीत पोपटकाकांच्या तोंडातून वाफ निघत होती. त्या नऊ जणांपैकी एकाच्याही नाही.

शनिवारी ललिता आतून शटरपाशी जाऊन उभी राहिली. चपला घासल्याचा आवाज, मग धप्प, मग ओली काटकी मोडावी तसा एक आवाज. ती मागे सरली आणि तो आवाज बुडावा म्हणून तिनं सगळे पंखे चालू केले.

सोमवारी मात्र तिनं मन घट्ट केलं आणि ती बाहेरून त्यांच्याजवळ गेली. कडेला मोहरी रंगाचा स्वेटर घातलेली चाळिशीची बाई होती. तिचा गाल शटरला चिकटला होता. डावा हात खांद्यापासून असा फिरला होता की तळवा पाठीकडे आला होता.

"बाई, काय हवंय तुम्हाला?"

ओठ हलले. आवाज श्वासाशिवाय आला. "मागच्यांना सांगा ना. ढकलताहेत."

ललितानं मागे पाहिलं. मोकळ्या फरशीवर दोन कबुतरं दाणे टिपत होती.

त्याच दिवशी तिनं मॅनेजरला सांगितलं. अभय सर एकोणतीस वर्षांचा होता, मुंबईहून एमबीए करून आलेला. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "नऊच? सव्वीसला मला नऊ हजार पाहिजेत."

"सर, गर्दी आवरणार नाही. पहिल्या शंभरांना निम्म्या किमतीत मिक्सर म्हटलंय आपण. बांबू तरी बांधून घ्या, रांगेसाठी."

"बांबू? हे काय रेशनचं दुकान आहे?" तो हसला. "चार जादा गार्ड सांगितलेत. दहाला शटर अर्धं वर घ्यायचं, पन्नास-पन्नास सोडायचे. सिंपल आहे."

पंचवीस तारखेला दुपारी मोहरी स्वेटर तिला दुकानात दिसला.

तीच बाई. दोन्ही हात धड. मिक्सरच्या खोक्यावरचं चित्र ती बोटानं हळूच पुसत होती. ललिता जवळ गेली, बोलायला लागली. बाईंचं नाव यमुनाबाई. वाघोलीला एका कॉलेजच्या होस्टेलवर पोळ्या करायच्या. "पाटा-वरवंट्यानं मनगट गेलं हो," त्या हसून म्हणाल्या. "उद्या घेऊनच जाणार."

"उद्या येऊ नका," ललिता म्हणाली.

"का बरं?"

"गर्दी असेल. माझं ऐका. तुमच्यासाठी एक मी बाजूला ठेवते, सोमवारी या."

यमुनाबाईंचं हसू मावळलं. त्यांनी ललिताच्या कडक इस्त्रीच्या गणवेशाकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. "असं होय. चांगली गिऱ्हाइकं यायची असतील उद्या. आमच्यासारख्यांनी मागून यायचं, उरलंसुरलं न्यायला."

ललिताला कानाखाली बसल्यासारखं झालं. हे वाक्य तिनं आयुष्यभर दुसऱ्या बाजूनं ऐकलं होतं. "तसं नाही हो," ती कशीबशी म्हणाली.

"कळलं मला. आता तर सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहते. बघतेच कोण अडवतं."

सव्वीस तारखेला ललिता सहा वाजताच निघाली. गाडीतळापासूनच रस्ता माणसांनी भरला होता. कडेवर पोरं, हातात रिकाम्या पिशव्या, नवीन इमारतींचे वॉचमन, कंपन्यांची ओळखपत्रं गळ्यात घातलेले तरुण. सगळे हसत होते. शेजारच्या शाळेत झेंडावंदनाची तालीम चालू होती. पोपटकाका काठी आडवी धरून ओरडत होते, "मागं सरा! आरं मागं सरा की!" पण मागं सरायला जागा उरली नव्हती.

शटरपाशी सगळ्यांत पुढं मोहरी स्वेटर दिसत होता. त्याच्या शेजारी चष्मेवाला म्हातारा. बाकीचेही तेच. नऊ. ललितानं त्यांच्यापर्यंत जायचा प्रयत्न केला. एक कोपर तिच्या तोंडावर बसलं, ओठ फुटला. ती बोळातून आत गेली.

साडेआठला तो आवाज सुरू झाला. चपला घासल्याचा. मग धप्प. आणि आज त्यात ओरडणं होतं.

तिनं अभय सरला फोन लावला. "सर, पुढची माणसं चेपली जाताहेत. शटर उघडते."

"दहाला, ललिता. चॅनेलवाले यायचेत. दहाच्या आधी हात लावायचा नाही."

ती किल्ली हातात घेऊन उभी राहिली. दहा दिवस तिनं त्यांना बंद शटरला टेकून मेलेलं पाहिलं होतं. म्हणजे शटर बंद असल्यामुळं ती मेली. उघडलं तर मरणार नाहीत. एवढा साधा हिशेब होता.

तिनं किल्ली फिरवली.

शटर गुडघ्याइतकं वर गेलं आणि बाहेरून त्यावर एवढा भार आला की मोटर कण्हून बंद पडली.

बाहेरून एकच आरोळी आली. "उघडलं रे!"

आणि मागचे सगळे पुढं आले.

आधी त्या फटीतून हात आले. मग डोकी. पुढचे खाली कोसळले आणि मागचे त्यांच्यावरून आत सरपटत आले. एकाचा कान शटरच्या धारेला लागून लोंबत होता; तो उठला आणि मिक्सरच्या रॅककडे धावला. एका बाईचं मंगळसूत्र तुटलं, ती मणी वेचायला वाकली आणि पुन्हा उठली नाही. काच फुटली. लाल पावलं उमटवत एक माणूस खोकं छातीशी धरून त्या बाईच्या अंगावरूनच गेला. "माझा नंबर होता! माझा नंबर होता!" तो ओरडत होता.

ललिता फरशीवर पालथी पडली. समोर, फटीत, यमुनाबाईंचा चेहरा होता. गाल फरशीला चिकटलेला. डोळे उघडे.

"हात द्या!" ललिता किंचाळली.

डावा हात पुढं आला. ललितानं तो दोन्ही हातांनी धरला, पाय शटरच्या खांबाला लावले आणि ओढला.

ओली काटकी मोडल्यासारखा आवाज झाला.

हात फिरला. तळवा वर आला. ललितानं सोडला नाही.

"मागच्यांना," यमुनाबाई म्हणाल्या. पुढचं आलं नाही.

बाहेर शाळेच्या मैदानावर राष्ट्रगीत सुरू झालं होतं.

नऊ माणसं गेली. दुकानाला सील लागलं. चौकशीत अभय सरनं लेखी सांगितलं की शटर वेळेआधी, आदेश मोडून उघडण्यात आलं. ते खरंच होतं. ललिताला दोन दिवस पोलीस चौकीत बसवून ठेवलं, मग घरी सोडलं. नोकरी गेली. वडील रोज सकाळी ती उठायच्या आधी पेपर कुठंतरी लपवून ठेवायचे.

तिसऱ्या आठवड्यात ती वाघोलीला गेली. गेल्याशिवाय तिला जेवण जाईना. नगर रस्त्यापासून आत, नव्या इमारतींच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती. यमुनाबाईंचे यजमान, रंगनाथ, बाहेर बाजेवर बसले होते. थकलेला, सरळ माणूस. ललितानं नाव सांगितलं. शटर मीच उघडलं, हेही सांगितलं. तिला वाटलं, हा उठून मारेल. तिला ते हवंही होतं.

"बसा," ते म्हणाले. पाण्याचा तांब्या पुढं केला. "तिनं सांगितलं व्हतं तुमचं. एक बाई नको येऊ म्हनली म्हनून."

"कधी?"

"परवा."

ललिताला वाटलं, दुःखात माणसाचं दिवसांचं भान जातं. उन्हं उतरत होती. रंगनाथ जमिनीकडे बघत बोलत राहिले, कुणाच्या ड्यूटीबद्दल सांगावं तसे. "पहाटं पाचला निघती. वाघोलीवरनं दोन गाड्या बदलायच्या, म्हनती उशीर हुतो. दहाच्या पुढं माघारी येती. दमलेली असती लई. पडून ऱ्हाती."

"कोण?" ललितानं विचारलं.

ते उठले आणि उन्हाकडे पाठ करून त्यांनी खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं.

दार नव्या पत्र्याचं होतं. छातीच्या उंचीवर ते आतून बाहेर फुगलं होतं, एवढं की पत्रा मधोमध चिरला होता. चिरेच्या कडेला मोहरी रंगाचे लोकरीचे धागे अडकले होते.

"पयले दोन दिवस आमी बाहेरनं कडी लावली व्हती," रंगनाथ म्हणाले.