जावईबापूंस सप्रेम भेट

माझं बोलणं घरात कुणी पुरतं ऐकून घेत नाही, म्हणून लिहून काढते. कागद तरी मधे तोंड घालत नाही.

चैत्रातली गोष्ट. माझा मुलगा संपत सकाळीच म्हणाला, "आई, जल्दी आवर. जुन्या मोटारसायकलींचं म्युझियम बघायला जायचंय." मला वाटलं, म्हातारीला फिरवून आणायची बुद्धी झाली. बरोबर माझी नात मीना. तिचा साखरपुडा झालेला, नवरा मुलगा हरिओम तिथंच भेटणार होता. त्याला जुन्या गाड्यांचा भारी शौक. म्युझियममधली एक गाडी त्याच्या मनात भरली होती आणि ती लग्नात आपण द्यायची, हे सगळं माझ्या माघारी ठरलं होतं. मला कळलं ते अर्ध्या वाटेत.

"म्हणजे हुंडा," मी म्हणाले.

"हुंडा कशाचा आई? गिफ्ट हाय. त्यानं तोंडानं मागितली पण न्हाई."

"मंग तुला काय सपनात दिसली का?"

संपतनं कारमधली गाणी मोठ्यानं लावली. मीना खिडकीबाहेर बघत राहिली.

अंबड रस्त्याला एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये ते म्युझियम. मालक मयंक, जालन्यातल्या जुन्या मारवाडी घरातला, जिभेवर साखर ठेवून बोलणारा. गाड्या गोळा करतो, नव्यासारख्या करून मांडतो आणि मनासारखं गिऱ्हाईक आलं की विकतोही.

बाहेर ऊन भाजत होतं. आत मात्र तळघरासारखा गारवा. पत्रा उंच, उजेड थोडा, आणि दोन्ही अंगांना गाड्या ओळीनं उभ्या. बुलेट, येझदी, राजदूत. सगळ्यांची तोंडं आपल्याकडं वळलेली.

"आजी, हा आपल्या भागाचा इतिहास आहे बरं का," मयंक म्हणाला.

"मला नको शिकवू. ह्यातल्या किती गाड्या पुरुषांनी आपल्या पैशानं घेतल्या, ते सांग. आमच्या काळात गाडी दुकानातून येत नव्हती बाबा. बायकोच्या मागं मागं यायची."

"आई, हळू..." संपत दातओठ खात म्हणाला.

बोलता बोलता मी थांबले. वास येत होता.

"पेट्रोलचा असंल," आधीच येऊन थांबलेला हरिओम म्हणाला.

"नाही हो, सगळ्या टाक्या कोरड्या आहेत," मयंक म्हणाला. "एक थेंब ठेवत नाही मी."

"पेट्रोल न्हाई हे. रॉकेल हाय."

मयंक हसला. "रॉकेल आता मिळतंय कुठं, आजी? तुम्ही बसा, चहा मागवतो."

चहा! म्हातारी काही खरं बोलली की तिच्या हातात कपबशी द्यायची, हा सगळ्यांचा धंदा. मी बसले नाही. वासाच्या मागं चालत शेवटपर्यंत गेले. तिथं काळी राजदूत उभी होती. हरिओमला आवडलेली तीच.

मी शाळा पाहिली नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून अक्षर शिकले, कुणाच्या उपकाराशिवाय. टाकीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, "जावईबापूंस सप्रेम भेट". खाली कमळ, त्याची एक पाकळी रंगवायची राहिलेली. हे मी आधी वाचलं होतं. शहागडला.

शहागडला माझी धाकटी बहीण दिली होती. दैवशाला. तिच्या सासरी राजदूत पाहिजे होती, आमच्या बापाला ती झेपली नाही. एका दुपारी निरोप आला, स्टो भडकला. वर्ष सरायच्या आत तिच्या नवऱ्यानं दुसरी केली. मी दैवशालाची पेटी मागायला गेल्ते, तेव्हा अंगणात हीच गाडी उभी होती. हार घातलेली. दुसरीच्या बापानं दिलेली.

"कुठून आणली ही?" मी विचारलं.

"शहागडहून. रंग बिलकुल ओरिजनल आहे, आजी. जरापण हात लावला नाही."

तेवढ्यात हरिओम म्हणाला, "मीना, बस ना मागं. फोटो काढू."

मी नको म्हणेपर्यंत पोरगी सीटवर हात टेकून बसली. आणि किंचाळून उठली.

"भाजलं!"

संपतनं सीटवर हात ठेवला. "गार तं हाय की." हरिओमनं ठेवला, मयंकनं ठेवला. गार. मंग मी ठेवला. तापलेला तवा. आणि त्या रेक्झिनच्या खाली काहीतरी हळूच हललं... झोपलेल्या माणसाच्या पाठीला हात लागला की ते हलतं, तसं.

लाईट गेली.

 त्या अंधारात गाडीची मागची स्प्रिंग करकरली. सावकाश... वजन टाकून कुणी बसावं तशी.

"कोण बसलं?" मयंकचा आवाज बारीक झाला होता.

"आम्ही सगळे हितंच हावोत..." संपत म्हणाला.

लाईट आली तेव्हा गाडीवर कुणी नव्हतं. मी तिथंच उभी राहून दैवशालाचं सगळं सांगितलं. ऐकलं कुणी? संपत म्हणाला, आईला ऊन लागलं. हरिओम म्हणाला, जुन्या वायरिंगनं होतं असं. बायकांच्या हाताला भाजतं आणि पुरुषांच्या हाताला गार लागतं, अशी कुठली वायरिंग असते, मी विचारलं.

शेवटी मीनाच बोलली. तळहात लाल झाला होता तिचा. "मला ही गाडी नको. गाडीबिगर चालतंय का, विचारा त्यांना."

हरिओमनं तिच्याकडं बघितलं नाही. गाडीकडं बघितलं.

लग्न मोडलं. संपत आजही माझ्याशी धड बोलत नाही. मी पोरीला भेवडवलं म्हणतो. बरं, म्हणू दे.

पण पुढच्याच महिन्यात कळलं, हरिओमचं पिंपळगाव रेणुकाईला जमलं आणि मुलीचा बाप तीच राजदूत देऊन राह्यला. मी एकटी एसटीनं गेले. ओट्यावर बसून त्या बापाला सांगितलं, माझी बहीण त्या गाडीपायी गेली, तुझी लेक दूर ठेव.

"तुमची सोयरीक मोडली म्हणून आमच्यावर जळायलात का, मावशी?" तो म्हणाला आणि उठून आत गेला. त्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या ठेवला, तोंड वर न करता. मी पाणी न पिता निघाले.

ती मुलगी फाटकापर्यंत माझ्यामागं आली. हसतमुख, हातावर मेंदी.

"आजी, दैवशाला तुमच्या कोण?"

त्या घरात मी बहीण म्हणाले होते. नाव घेतलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं हे नाव?"

"त्यांनीच. गाडी बघायला गेल्तो तवा. मी मागं बसाय लागले, तं तिथं आधीच बसलेल्या होत्या त्या... बाकी कुणाला दिसंनात."

"सीट भाजली का गं तुला?"

"न्हाई की. गार होती, एकदम गार." ती माझ्या जवळ सरकली, गुपित सांगावं तशी. "सरकून जागा दिली मला. म्हणल्या, बस... दोघी मावतो आपण."