चेतनानं निवडलेला इन्व्हर्टर

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलेलं आहे.

जिच्यावर बेतलं ती चेतना माझी सख्खी मावसबहीण. आणि शेवटचा प्रकार तर मी माझ्या या कानांनी ऐकलाय.

जागा जुळे सोलापूर. मागच्या वर्षीचा मे महिना.

आणि वेळ रात्रीची नाही बरं का. भर दुपारची. उन्हानं रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही, त्या वेळची.

चेतनाचं लग्न उशिरा झालं. अनिमेषरावांचं ते दुसरं. ते ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतात. पहिली बायको भार्गवी आजारपणात गेली.

गेली, पण घरातून काही हलली नव्हती. भुताखेताचं म्हणत नाही मी. पडदे तिनं आणलेले, डबे तिच्या हातचे लावलेले. आणि हॉलमध्ये ते होम थिएटर. भिंतभर टीव्ही, कोपऱ्याकोपऱ्यात स्पीकर आणि सोफ्याशेजारी तो ढोल्या वूफर. दोघांनी हौसेनं घेतलेलं. अनिमेषराव दर रविवारी ते मऊ फडक्यानं पुसायचे.

"ताई, माझ्याकडे यांनी कधी इतक्या प्रेमानं बघितलं नाही गं," चेतना मला फोनवर म्हणायची.

आता ही आमची चेतना मुळातच जळकुकडी. लहानपणी माझ्या नव्या फ्रॉकवर मुद्दाम शाई सांडली होती तिनं. एकदा जेवताना अनिमेषराव सहज म्हणाले, "भार्गवी यात जरा चिंच घालायची." झालं! ही ताटावरून उठली, रात्रभर तोंड फिरवून झोपली. त्यानंतर त्या माणसानं घरात भार्गवीचं नाव काढलं नाही. मेलेल्या बायकोबद्दल दोन शब्द बोलायची चोरी झाली बिचाऱ्याला.

त्या उन्हाळ्यात लाईट रोज जायची. सिनेमा चालू असताना खटकन सगळं बंद पडायचं. अनिमेषरावांचा जीव वरखाली. मशीन जळेल, स्पीकर फाटतील, एकच घोर. शेवटी इन्व्हर्टर घ्यायचं ठरलं. ते बोर्डाचे पेपर तपासण्यात अडकलेले, म्हणून चेतना पतसंस्थेतल्या नोकरीवरून सुटल्यावर दुकानात गेली.

दुकानदार गुरुशांत बोलका माणूस.

"वैनी, घरात काय काय चालवायचंय?"

"पंखे, दिवे. आणि ते होम थिएटर."

"मग हे साइन वेव्हचं मशीन घ्या. लाईनीसारखाच करंट देतंय. हे दुसरं पंख्याला चालतंय की, पण होम थिएटरला लावलं की स्पीकरमधनं घुंई येतीय. लई घाण. गिऱ्हाईक परत आणून टाकत्यात बघा."

"म्हणजे ऐकवत नाही?"

"न्हाईच की!"

चेतनानं क्षणभर त्या दुसऱ्या मशीनकडे पाहिलं.

"हेच द्या," ती म्हणाली. "बॅटरी मात्र मोठी द्या. भरपूर वेळ चालली पाहिजे."

कळलं ना? बाईनं मुद्दाम केलं. भार्गवीच्या त्या लाडक्या होम थिएटरची रोज दुपारी घुंई व्हावी, म्हणून.

मशीन लागलं. दुसऱ्याच दिवशी लाईट गेली. टक्... इन्व्हर्टर चालू झाला आणि सगळ्या स्पीकरमधून एकदम आवाज आला. घुंऽऽऽ...

अनिमेषरावांचा चेहरा उतरला. चेतनाला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"बदलून आण बाई हे," ते म्हणाले.

"आणते की," ती म्हणाली. आणि विसरल्याचं नाटक केलं.

दोन-चार दिवस त्यांनी भुणभुण लावली. मग एकाएकी गप्प बसले.

चेतनाला वाटलं, सवय झाली असेल. पेपर संपून त्यांना सुट्टीच लागली होती, दिवसभर घरातच असायचे. पण वागणं जरा बदललं होतं. जेवणात लक्ष नसायचं. मधूनच स्वतःशी हसायचे. सकाळी ती निघायला लागली, की घड्याळाकडे बघत बसायचे.

एका दुपारी डोकं दुखतंय म्हणून ती लवकर घरी आली. जिना चढताना शेजारच्या प्रभाकाकूंचा मिक्सर घरघरत होता. त्यांचं दार उघडं, आत पंखा जोरात.

तिच्या घरातून मात्र...

घुंऽऽऽ...

"काकू, लाईट आहे?"

"आहे की! आज गेलीच नाही. तुझ्या घरातच रोज जाते बघ दुपारची. फ्यूज बघायला सांग कुणाला तरी."

चेतनानं जिन्यातल्या मीटरच्या पेटीत पाहिलं.

तिच्या घराचा मेन स्विच खाली होता.

कुणीतरी हातानं पाडलेला.

तिनं आवाज न करता लॅच उघडलं. हॉलमध्ये पडदे ओढलेले. टीव्ही बंद. अनिमेषराव वूफरला टेकून चक्क जमिनीवर बसलेले. त्या घुंईत अजून एक आवाज होता...

बारीक. बाईचा.

शब्द कळत नव्हते. काहीतरी विचारल्यासारखा वर जायचा, मग थांबायचा. तो थांबला की अनिमेषराव बोलायचे. हळू, मोकळेपणी. आणि मग ते हसले. पोटातून हसले. लग्न झाल्यापासून त्यांचं ते हसणं चेतनानं ऐकलंच नव्हतं.

भीती वाटायला हवी होती ना? हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली!

तिनं दाणकन पर्स आपटली.

आवाज थांबला. नुसती घुंई उरली.

"मेली तरी सोडत नाही का ती तुम्हाला?" चेतना किंचाळली. "मी तिकडं नोकरी करून मरते, आणि तुम्ही मेन स्विच पाडून तिच्याशी गप्पा मारता? लाज वाटत नाही?"

अनिमेषराव पांढरेफटक पडले.

"तुला ऐकू आलं?"

"बहिरी नाही मी! भार्गवी ना ती?"

त्यांनी मान हलवली.

"भार्गवीचा आवाज मी ओळखणार नाही होय? ती नाही ती."

"मग कोण?"

"तो आवाज... तुझा आहे."

चेतना मटकन खाली बसली.

"पहिल्यांदा मी पण घाबरलो," ते म्हणाले. "तू आत आहेस असं वाटून घरभर शोधलं तुला. पण ती जेवलात का विचारते. दमलात का विचारते. भार्गवी कशी होती ते विचारते. शेवटी शेवटी तिला फार त्रास झाला का, तेही विचारते. आणि मी सांगतो ते सगळं ऐकून घेते, चेतना. रागावत नाही."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

त्यानंतर चेतनाला झोप कसली येतेय! मेलेल्या सवतीचा मत्सर समजू शकतो हो. स्वतःचाच मत्सर कसा करायचा? पण केला तिनं. जे काही तिच्या आवाजात बोलत होतं, ते तिच्याहून चांगली बायको होतं. तिच्या नवऱ्याला तेच हवं होतं. हे तिला सहन होईना.

सकाळी उजाडताच तिनं गुरुशांतला फोन लावला. त्यानं माणूस पाठवला. ते मशीन गेलं, साइन वेव्हचं आलं. लाईट घालवून पाहिली. स्पीकर एकदम स्वच्छ. घुंई नाही, काही नाही. अनिमेषराव खुर्चीत बसून सगळं बघत होते.

पुढचे कितीतरी दिवस ते तसेच बसून असायचे. दिलं तर खायचे, विचारलं तर हूं म्हणायचे. चेतनाचाही जीव तुटायला लागला. बाई जळकी असेल, पण दगड नव्हती. आई आजारी म्हणून ती मंद्रूपला माहेरी मुक्कामाला गेली, तेव्हा तिनं मनाशी ठरवलं. झालं एवढं पुरे. आपला नवरा आपणच परत आणायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली. त्यांच्याजवळ सोफ्यावर बसली. आयुष्यात पहिल्यांदा, जड जिभेनं का होईना, तिनं ते विचारलं.

"अहो... भार्गवीबद्दल सांगा ना मला. मी नाही रागावणार."

अनिमेषराव हसले. तेच हसणं, पोटातून.

"किती वेळा सांगू? काल रात्री जेवताना सगळं सांगितलं की तुला. ऐकता ऐकता रडलीस पण."

"काल?"

"हो. आमटीत चिंच घातली होतीस तेव्हा."

"अहो... मी काल मंद्रूपला होते."

ते हसायचे थांबले नाहीत. त्यांना वाटलं, ही थट्टा करतेय.

चेतना उठून स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर दोन ताटं धुऊन पालथी घातलेली...

आणि चिंचेचा कोळ काढलेली वाटी तशीच होती.

मी भेटायला गेले ती त्यानंतर आठवडाभरानं. चेतना अर्धी झाली होती. नोकरीवर जात नव्हती. घर सोडायला तयारच नव्हती. "मी गेले की ती येते, ताई," म्हणाली. होम थिएटर सगळं काढून विकलं होतं. भिंतीवर नुसती भोकं उरली होती.

आम्ही दोघी हॉलमध्ये सोफ्यावर बसलो होतो. हे सगळं तिनं मला तेव्हाच सांगितलं. खरं सांगते, मला वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. चांगल्या डॉक्टरचं नाव सांगावं म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात दाराचं लॅच वाजलं.

अनिमेषराव भाजी घेऊन आले होते. दारातूनच त्यांनी हाक मारली.

"चेतना!"

ही माझ्याशेजारी. पण तिनं ओ दिली नाही. माझा हात गच्च धरला. नखं रुतली माझ्या मनगटात.

पंखा फिरत होता. बाकी सगळं शांत.

आणि मग... स्वयंपाकघरातून...

"ओ... आले हं. दमलात का?"

आवाज चेतनाचाच होता. मी तिला जन्मापासून ओळखते. फक्त इतक्या प्रेमानं बोलताना तिला मी कधी ऐकलं नव्हतं.

अनिमेषराव आमच्या समोरून गेले. हातभर अंतरावरून. ना माझ्याकडे पाहिलं, ना तिच्याकडे. हसत हसत आत गेले.

"ताई," चेतना पुटपुटली, "मी इथं बसलेय ना? तुला दिसतेय ना मी?"

मी हो म्हणाले. आणि पायात चपला अडकवून निघून आले. त्याची आजही लाज वाटते, पण माझ्याच्यानं तिथं थांबवलं नाही.

अधूनमधून तिच्या नंबरवरून फोन येतो. माझी चौकशी करते, मुलांची करते, अगदी गोड बोलते. मी कामाचं निमित्त काढून ठेवून देते.

चेतना कुठंय, हे मी अजून विचारलेलं नाही.