सात हजार हर्ट्झची खरखर

मुबश्शिराला ते हेडफोन पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून मोडीत निघताना मिळाले. इलेक्ट्रोस्टॅटिक जातीचे. आत चुंबक नाही, कॉइल नाही. छिद्रं पाडलेल्या दोन पत्र्यांमध्ये केसाहून कितीतरी पातळ पापुद्रा ताणलेला आणि त्यावर पाचशे ऐंशी व्होल्ट. मिरजेत वडिलांच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात बसून तिने ते दुरुस्त केले. पहिल्यांदा कानाला लावले तेव्हा रेकॉर्डिंगमधल्या तंबोऱ्याच्या तारेवर बोट टेकल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला.

फक्त ट्रेबल, म्हणजे उंच स्वरांचा भाग, टोचत होता.

ऐकायचं होतं एकच रेकॉर्डिंग. तिच्या वडिलांनी, मोहिद्दीनभाईंनी, जवारी काढलेल्या शेवटच्या तंबोऱ्याचं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा हाडाचा माथा कानशीने किंचित घासून तारेखाली उतार द्यायचा, म्हणजे सूर नुसता वाजत नाही, गुंजत राहतो, ती जवारी. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन मोहिद्दीनभाईंचा उजवा हात गेला. तेव्हापासून एक तयार तंबोरा जवारीविना पाटावर पडून होता. रविवारी साताऱ्याहून मुजीबचाचा येणार होते, जवारीची हत्यारं स्वतःकडे न्यायला.

"पोरीला जवारी निघत न्हाई," ते फोनवर म्हणाले होते. "त्याला कान लागतो, डिग्री न्हवं."

"दोन कान आहेत, चाचा. आणि रविवारला अजून चार दिवस आहेत."

ते रेकॉर्डिंग नीट ऐकून, त्याच्याशी ताडून जवारी काढायची, असं तिने ठरवलं होतं. पण तिसऱ्या तारेवर, सात हजार हर्ट्झच्या आसपास, कानात काच फिरवल्यासारखी खरखर येत होती. संगणकावरच्या आवाजाच्या आलेखात तिथे काहीच दिसत नव्हतं. तिने दोष अँप्लिफायरला दिला. असे हेडफोन उंच स्वरांना जास्त प्रवाह मागतात. अँप्लिफायर कमी पडला की सूर फाटतो. हेडफोनसोबत आलेला प्रयोगशाळेचा जुना ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर तिने बाजूला ठेवला. साध्या अँप्लिफायरला ट्रान्सफॉर्मर जोडून पाहिला. खरखर उलट धारदार झाली.

गुरुवारी तिचा वर्गमित्र सिद्धू शिरवळहून आला. तिथल्या एका कारखान्यात तो नोकरीला होता आणि सुट्टीत जुन्या रेडिओसारखे काचेच्या व्हॉल्व्हचे अँप्लिफायर बांधायचा.

"हे लाव," तो म्हणाला. "लय गोड हाय. तापतंय मात्र, पापड भाजून निघतील."

"पापड नको. ट्रेबल वठणीवर येऊ दे."

चहा पिऊन तो गेला. दुपारचे तीन वाजले होते. व्हॉल्व्ह तापून लाल झाले. गरम धुळीचा आणि तंबोऱ्यांना पॉलिश करायच्या चपड्याचा वास एकत्र येऊ लागला.

ट्रेबल निवळला. तंबोरा मोठा झाला, गोल झाला, जवळ आला. आणि खरखर सुरापासून सुटून वेगळी ऐकू येऊ लागली.

ती कानस होती.

चार-पाच वेळा घासणं. थांबणं. फुंकर. पुन्हा घासणं.

रेकॉर्डिंग तिने स्वतः केलं होतं, खिडक्या लावून. तेव्हा खोलीत कुणी काही घासत नव्हतं. तिने ते पुन्हा लावलं. या वेळी कानस जास्त वेळ चालली आणि तंबोऱ्याचा सूर थोडा मिटला. तिसऱ्यांदा आणखी मिटला. तिने फाइल मूळ प्रतीशी ताडून पाहिली. एक बिटही बदललेला नव्हता.

मोहिद्दीनभाई खाटेवर बसून होते. तिने काही न सांगता हेडफोन त्यांच्या कानाला लावले.

त्यांनी डाव्या हाताने हेडफोन कानावर दाबला.

"हे कोण करतंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा."

"माझा हात न्हाई ह्यो. तुझ्या आजोबांचाबी न्हाई." त्यांनी डोळे मिटले. "डावखुरं हाय. ओढताना लांब, ढकलताना तोकडं." मग तिच्याकडे बघून म्हणाले, "तू कवा शिकलीस?"

मुबश्शिरा डावखुरी होती. कानस तिने आजवर हातात धरली नव्हती.

"बंद कर ते," ते म्हणाले. "जास्त घासलं की जवारी मरती. परत येत न्हाई. आन् तू बी कानशीला हात लावू नगंस. मुजीबला नेऊ दे समदं."

"का नेऊ दे?"

"आगं, घाबर की जरा!"

"घाबरले आहे, अब्बा. पण तो माझा हात असेल तर मीच चालवणार. आणि माझा नसेल तर त्याने माझ्या कामात पडायचं नाही."

तिने अँप्लिफायर बंद केला, प्लग ओढून काढला. सूर अजून कानात होता तोवर तिने पाटावरचा तंबोरा मांडीशी घेतला. तारांखाली दोरा सरकवून बघितला. कानस उचलली.

ओढताना लांब. ढकलताना तोकडं. हाताला ते आधीच ठाऊक होतं, याचा तिला राग आला. तिने मुद्दाम पकड बदलली. हळू घासलं, तीनदा, आणि छेडलं. पुन्हा दोनदा. तासभर गेला. घाम पापण्यांवरून ओघळत होता.

मग तिसरी तार गुंजली. खोलीभर, पितळी घागरीत बोलल्यासारखी.

खाटेवर मोहिद्दीनभाई पुढे झुकले. "हीच," ते म्हणाले. "हीच, बेटा. मुजीबला फोन लाव. म्हनावं, येऊ नगंस."

तिने कानस खाली ठेवली. हात पुसले.

"बास आता," ते म्हणाले. "थांब."

"थांबलेय मी."

"मग घासतंय कोण?"

तिने ऐकलं. आवाज घोडीतून येत होता. ओढताना लांब, ढकलताना तोकडा. हाडाची बारीक पांढरी पूड घोडीखालच्या लाकडी तबलीवर उतरत होती.

"नाही," मुबश्शिरा म्हणाली. "ही जवारी माझी आहे."

तिने डावा तळहात घोडीवर दाबून धरला. पूड उतरायची थांबली, आवाज दबका झाला, पण थांबला नाही. दुखलं नाही. फक्त काहीतरी गार, तालात, हाताखालून जात-येत राहिलं.

थोड्या वेळाने तिने हात उचलून उजेडात धरला. रक्त नव्हतं. तळहाताच्या मधल्या सगळ्या रेषा घासून गुळगुळीत झाल्या होत्या.

तिने हात पुन्हा घोडीवरच ठेवला.